खडकाच्या अंगावरची वीतभर माती

बपेऱ्याच्या पुलाखाली उन्हाळ्यात बावनथडीचं पात्र उघडं पडतं. पाण्याची धार एका कडेला सरकलेली असते आणि उरलेल्या रुंदीत रेतीच रेती. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश, नदी दोन्हीकडची. या रेतीची एक ओंजळ घ्यावी, पाण्यात बुडवावी आणि तळहातावर पसरावी. कोरडी असताना ती एकाच रंगाची, फिकट बदामी दिसते. ओली झाली की एकेक कण वेगळा होतो. सगळ्यांत जास्त कण गारगोटीचे, काही पारदर्शक, काही दुधी. त्यांच्यात फिकट गुलाबी कण दिसतात, त्यांचे कोपरे अजून पुरते झिजलेले नसतात, ते फेल्डस्पारचे. अभ्रकाच्या पातळ चकत्या बोटाला चिकटतात आणि हात धुतला तरी निघत नाहीत. मधूनच एखादा डाळिंबी ठिपका, तो गार्नेटचा. तळहात हलवत पाणी ओघळू दिलं की शेवटी जड खनिजांची एक काळी रेघ मागे राहते.

माझं आजोळ भंडारा जिल्ह्यातल्या या सिहोरा भागातलं. सुट्टीत आलो की मामा नदीवर न्यायचे. त्यांना खनिजांची नावं ठाऊक नव्हती, पण कुठल्या नाल्यानं कुठली रेती आणून टाकली हे ते रंगावरून आणि बोटांत चोळून सांगायचे. ‘ही डोंगराकडची,’ म्हणायचे, ‘ही वरून कुरईकडून आलेली.’ पुढे भूशास्त्राची पुस्तकं हाती आली तेव्हा कळलं, की मामा सांगत होते ते अगदी शास्त्राला धरून होतं. फेल्डस्पार हे हवापाण्यापुढे लवकर हार मानणारं खनिज. ते फार काळ वाहत राहिलं तर त्याची चिकणमाती होऊन जाते. त्याचे कोपरे शाबूत असतील तर ज्या खडकातून तो कण सुटला तो खडक फार लांब नाही असं समजावं.

आणि तो लांब नाहीच. बावनथडी सिवनी जिल्ह्यातल्या कुरईच्या डोंगराळ रानातून येते आणि पुढे वैनगंगेला मिळते. वैनगंगाही सिवनीचीच, मुंडाऱ्याला उगम पावून, मोठा वळसा घालून, बालाघाटमधून खाली उतरलेली. नदीपलीकडे तिरोडी नावाचं गाव आहे. तिथल्या पट्टेदार खडकाला भूशास्त्रात तिरोडी नाइस म्हणतात. त्याचं वय सुमारे १५० कोटी वर्षं आहे. या मुलखाची ती तळफरशी. तिच्यावर जे थर बसलेले आहेत त्यांना सौसर समूह असं नाव मिळालं, छिंदवाड्याच्या बाजूच्या सौसरवरून, जिथे घराघरांत आजही मराठी बोलली जाते. तिथून हा पट्टा कमानीसारखा वळत रामटेकच्या बाजूने आपल्या तुमसर तालुक्यात येतो आणि बालाघाटात शिरतो. या समूहातल्या एका थराचं नाव सितासावंगी. तुमसर तालुक्यातलं ते छोटंसं गाव जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत आहे, आणि तालुक्यातल्या शाळेत मात्र ते मुलांना कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हा सगळा पट्टा एके काळी समुद्राचा तळ होता. वाळू साचली, चिखल साचला, चुन्याचा गाळ साचला आणि त्यांच्या मध्ये मॅंगनीजचे थर साचले. मग भूखंडांच्या रेट्यात तो तळ दाबला गेला, खोल गेला, तापला आणि घड्या पडून वर आला. वाळूचा क्वार्ट्झाइट झाला, चिखलाचा चकाकणारा अभ्रकी शिस्ट, चुन्याचा संगमरवर. मॅंगनीज आणि वाळू जिथे मिसळलेली होती तिथे गार्नेट आणि गारगोटीचा एक निराळाच खडक जन्मला. लेविस ली फर्मर या भूशास्त्रज्ञाने मध्य प्रांताचे डोंगर पायी पालथे घालून १९०९ साली हिंदुस्थानातल्या मॅंगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने या खडकाला इथल्या गोंडांवरून गोंडाइट म्हटलं. पुढे १९३६ साली वेस्ट या भूशास्त्रज्ञाने देवलापारच्या परिसरात दाखवून दिलं, की इथले थर नुसते वाकलेले नाहीत, ते एकमेकांवर चढून लांबवर सरकलेले आहेत. आज आंबागडची डोंगररांग पाहिली तर ती फार उंच वाटत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तिला डोंगर म्हणायचंही जिवावर येईल. पण सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या जन्माआधी हे डोंगर उंच होऊन, झिजून म्हातारे झालेले होते.

एवढं मागचं सांगायचं कारण असं, की या मुलखात काहीही बघायचं तर खडकापासून बघावं लागतं. डोंगरावर कोणतं झाड आहे, पायथ्याला कोणती माती आहे, बांधीत कोणतं धान येतं, हे सगळं त्या चार-पाच दगडांनी आधीच ठरवून ठेवलेलं आहे. दगड देतो. पण दगडाने दिलेलं जागेवर धरून ठेवतं ते जंगल.

आंबागडचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सरदार राजा खान पठाण याने इसवी सन १७०० च्या सुमारास बांधला. पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. इतिहासाची आवड असलेली माणसं बुरुज बघायला चढतात. मी चढताना पायवाटेची कड बघतो. पावसाच्या पाण्याने जिथे वाट खचते तिथे डोंगराचा काप दिसतो. वर वाळलेला पाला, सागाची मोठी, जाळी झालेली पानं. त्याखाली दोन-तीन बोटं काळसर, भुसभुशीत माती. नाकाशी नेली तर पहिल्या पावसाचा वास बारा महिने तिच्यात असतो. तिच्याखाली तांबूस मुरूम, त्यात अभ्रकाची चमक. आणि लगेच खडक, तिरपा, पदरापदरांचा. सगळी मिळून माती वीतभर. काही ठिकाणी तीही नाही. त्या वीतभर जाडीत पन्नास-साठ फुटांचं झाड उभं असतं, आणि त्याची मुळं खडकाच्या पदरांमधल्या फटींत उतरून पाणी शोधत असतात. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. म्हणजे पायाखालच्या त्या वितीची सुरुवात झाली तेव्हा हा किल्ला बांधायचं कोणाच्या मनातही नव्हतं.

दगड बदलला की झाड बदलतं, हे डोळ्यांनी दिसतं. क्वार्ट्झाइट हा सर्वांत कंजूष दगड. त्याच्यापासून माती जवळपास होतच नाही; होते ती रेताड, निकस. अशा धारेवर सालई उभी असते. कागदासारखे पापुद्रे सुटणारी तिची फिकट साल, आणि फेब्रुवारीत एकही पान नसताना फांद्यांच्या टोकांना आलेले बारीक फुलांचे तुरे. तिच्या सोबतीला कढई, जिचं पांढरं खोड पौर्णिमेला अर्ध्या कोसावरून ओळखू येतं. हॅरी चॅम्पियन आणि एस. के. सेठ यांनी १९६८ साली भारतातल्या वनांचे प्रकार नव्याने मांडले. त्यांनी सालईचं रान, पळसाचं रान, कोरड्या बांबूची बेटं यांना वेगळी जागा दिली. ही रानं नुसत्या हवामानाने घडलेली नाहीत, त्यांना जमिनीने तसं घडवलं आहे, असं त्यांचं म्हणणं. पावसाचं माप सगळ्यांना सारखंच, वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर आणि तेही बहुतेक चार महिन्यांत. पण एका दगडावर ते पाणी थांबतं आणि दुसऱ्यावरून निथळून जातं.

शिस्टच्या उतारावर जरा बरी माती असते. तिथे धावडा, तेंदू, चार, लेंडिया, बिजा. बिज्याच्या खोडाला कोयत्याचा घाव बसला तर त्यातून लाल रस येतो आणि बाहेर येऊन गोठतो. सागाला पाण्याचा निचरा लागतो आणि चुना आवडतो. डोंगरात संगमरवराची किंवा चुनखडीची पट्टी जिथून जाते तिथे साग सरळ आणि जोमाने वाढतो. तोच साग पायथ्याच्या चिकण जमिनीत रुसतो, आणि ती जागा ऐन घेतो. ऐनाची साल भेगाळलेली, चौकोनाचौकोनांची, मगरीच्या पाठीसारखी. चिकणमाती, साचलेलं पाणी, उन्हाळ्यातल्या भेगा, हे सगळं तो सोसतो. त्याच्या सालीच्या राखेत चुना असतो. पूर्वी ती राख पानाला लावून खात. खडकातला चुना मुळांनी उचलून सालीत नेला आणि तिथून तो माणसाच्या विड्यात आला.

ऐनावर आणखी एक गोष्ट चालते, आणि ती मला या मुलखातली सर्वांत सुंदर वाटते. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर टसरचे किडे वाढवले जातात. पूर्व विदर्भातले ढिवर लोक पिढ्यान्पिढ्या हे काम करत आले आहेत. नदी-तलावात मासे धरणारी ही माणसं पावसाळ्यात रानात शिरतात, झाडावर किडे सोडतात आणि पक्ष्यांना, मुंग्यांना हाकलत त्यांची राखण करतात. किडा पानं खाऊन कोसा विणतो. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या मागांवर या कोशाचं कापड निघतं. ते हातात घेतलं तर त्याचा रंग मधाळ, थोडा मातकट असतो आणि पोत किंचित खरखरीत. शिस्ट, चिकणमाती, ऐन, किडा, माग अशी ही साखळी. आंधळगावची साडी नेसणाऱ्या बाईच्या अंगावर आंबागडसारख्याच एखाद्या डोंगराचा पायथा असतो असं मी म्हणालो, तर ते अलंकारिक बोलणं ठरू नये.

जिथे माणसाने आणि गुरांनी रान फार दमवलं आहे, तिथे गराडी वाढते. तिची पानं विषारी, गुरं तोंड लावत नाहीत. म्हणून सगळं खाल्लं गेलं तरी ती उरते. तिचं लाकूड कणखर. कुंपणाचे, घराचे खांब त्याचे करतात. एखाद्या उतारावर गराडीच गराडी दिसली तर समजावं, इथली माती खूप काही सोसून बसली आहे. पण मी गराडीला कधी कमी लेखत नाही. तीही नसती तर तो उतार उघडा पडला असता.

आता त्या दोन-तीन बोटं काळ्या मातीविषयी. रानात ही माती करणारे बहुतेक जीव दिसत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये सारं रान पान टाकतं. कडक उन्हाळ्यात पाला कुजत नाही, त्याला ओल लागते. मग तो वाळवीच्या ताब्यात जातो. वाळवी पानं, काड्या, वठलेली लाकडं जमिनीत ओढून नेते, आणि खालची चिकणमाती कणाकणाने वर आणून वारूळ उभारते. वारुळाच्या पोटात ती बुरशी पिकवते. आषाढ-श्रावणात त्याच बुरशीच्या छत्र्या वारुळावर उगवतात. आमच्याकडे त्यांना सात्या म्हणतात. बाजारात पळसाच्या पानावर ठेवलेल्या सात्या आणि बांबूचे कोवळे वास्ते आले की पावसाळा खरा सुरू झाला असं समजायचं. नांगर न लावता, खत न घालता हजारो एकर जमिनीची खालीवर उलथापालथ करणारा हा कीटक घराच्या चौकटीला लागला की आपण त्याचा नायनाट करतो, ते ठीकच आहे. पण रानातल्या त्याच्या कामाची नोंद कुठल्या तरी पाटीवर व्हायला हवी.

या पाल्याचा वैरी म्हणजे आग. लेंडेझरीच्या, नाकाडोंगरीच्या रानात मार्च-एप्रिलमध्ये रात्री डोंगराच्या अंगावर लाल रेघा सरकताना दिसतात. कारण मोह. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि पाल्यात हरवतात, म्हणून झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची पद्धत आहे. तेंदूला नवी पालवी जोमाने फुटावी म्हणूनही आग लावली जाते. एका पहाटे गायमुखाच्या वाटेवर टोपली भरत असलेल्या एका आजीला मी याबद्दल विचारलं. ती हात न थांबवता म्हणाली, ‘पाला नाही जारला त मोह दिसंल कसा, भाऊ?’ मी तिला म्हटलं, ‘आजी, पण आग पुढे रानात जाते ना?’ त्यावर ती सरळ झाली, टोपली कमरेवर घेतली आणि म्हणाली, ‘वारा आला त जाते. आमी काई रान जाराले येत नाही.’

तिचं म्हणणं खरं होतं. मोहाची फुलं म्हणजे तिच्या घरातला उन्हाळ्याचा पैसा, अडीनडीचं अन्न, आणि नंतर टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. तिला आग लावू नको म्हणून सांगणाऱ्याने तिच्या हातात दुसरं काही दिलं पाहिजे. मध्य भारतात काही ठिकाणी मोहाखाली हिरव्या जाळ्या बांधायला सुरुवात झाली आहे. फूल जाळीत पडतं, मातीला लागत नाही, त्याला भावही बरा मिळतो, आणि पाला जागेवर राहतो. जाळीचा खर्च मोठा नाही. तुमसरच्या प्रत्येक मोहाखाली अशी जाळी दिसावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण पाला जळाला की मातीवरचं पांघरूण जातं, आणि जूनच्या पहिल्या वळवाचा थेंब थेट उघड्या मातीवर आदळतो. ती काळी दोन-तीन बोटं पहिल्याच पावसात नाल्यात जातात. राख तर आधीच गेलेली असते.

नाल्याने ती कुठे जातात? खाली, बांध्यांत.

भंडाऱ्याच्या शेतकऱ्याजवळ मातीची स्वतःची नावं आहेत. डोंगराच्या पायथ्याशी तांबडी, खडेदार ती बर्डी. तिरोडी नाइस झिजून झालेली पिवळसर, रेताड, धानाची लाडकी ती सिहार. चुनखडीचे बारीक खडे मिसळलेली, काळपट तपकिरी ती मोरांड. आणि सर्वांत खोलगट जागी बारीक गाळ साचून झालेली काळी, चिकट कन्हार. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे. तिथले शास्त्रज्ञ मातीचे अल्फिसॉल, व्हर्टिसॉल असे वर्ग करतात. दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून पाहिल्या तर जुन्या नावांत एक गोष्ट जास्तीची आहे. ती नावं उतारावरचा क्रम सांगतात. वरून खाली चालत गेलं तर पायांना बर्डी, सिहार, मोरांड, कन्हार असा साधारण क्रम लागतो. डोंगराने जसजसं दिलं तसतसं ते वेगळं होत, बारीक होत खाली बसलं.

मामांची शेती सिहारीत होती, थोडी मोरांडीत. रोवणीनंतर महिनाभराने ते बांधीत उतरून एखादं धानाचं रोप मुळासकट उपटत आणि पाटाच्या पाण्यात खळखळून धूत. मला दाखवत. टोकाची कोवळी मुळं पांढरीशुभ्र, पण जरा जुनी झालेली मुळं विटकरी, जणू गेरूत बुडवून काढलेली. ‘मूळ लाल आहे, म्हणजे रोप खुशाल आहे,’ असं ते म्हणत. चिखलात पाणी साचलं की मातीतली हवा संपते. मग खडकातून आलेलं लोखंड आणि मॅंगनीज पाण्यात विरघळू लागतं. ते फार झालं तर रोपाला विष होतं. धानाची युक्ती अशी, की ते पानांतली हवा देठाच्या पोकळ्यांमधून खाली मुळांपर्यंत नेतं आणि मुळाच्या अंगाशी ती सोडतं. तिथे लोखंडाला गंज चढतो आणि त्याचा थर मुळावर बसतो. बाहेरचं विष बाहेरच अडतं. गव्हाला, तुरीला हे जमत नाही. धान साठलेल्या पाण्यात उभं राहतं ते या कसबामुळे. दिवाळीच्या सुमारास बांधी सुकली की धुऱ्याच्या कापात ज्वारीएवढे काळे-तपकिरी खडे सापडतात. नखाने दाबले की फुटतात आणि बोट काळं करतात. पाण्यात विरघळलेलं लोखंड आणि मॅंगनीज हवा परत आल्यावर तिथे थिजलेलं असतं. ज्याच्यासाठी पलीकडच्या डोंगरात खाणी खोदल्या, ते मॅंगनीज अशा रीतीने दरवर्षी आमच्या बांध्यांत येऊन जाऊन असतं.

पाणी थांबवण्याची विद्याही या मुलखाने दगडाकडूनच घेतली. नाइस आणि शिस्टच्या जमिनीत विहिरीला पाणी बेताचं, आणि पाऊस चार महिन्यांचा. म्हणून कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी नाल्याच्या खोलगटीत पाळी घालून तलाव बांधले, घरोघरी बोड्या, म्हणजे लहान तळी खोदली. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात तो त्यांच्यामुळे. सिहोऱ्याच्या बाजूला चांदपूरचा मोठा जलाशय आहे, टेकडीवर हनुमानाचं देऊळ. सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेतून बावनथडीचं पाणी उचलून याच जलाशयात टाकतात आणि तिथून ते कालव्यांनी बांध्यांत जातं. तलाव पाण्यासोबत डोंगराची मातीही अडवतो. पूर्वी उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बैलगाड्यांनी गाळ काढून शेतात टाकत. २०१७ साली राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना त्यात नवं काही वाटलं नाही. पण मला नेहमी वाटतं, की गाळ जितका लवकर साचतो तितका वरचा डोंगर उघडा होत असतो. तलावाचा गाळ मोजला तर रानाची तब्येत कळेल.

रेतीबद्दल थोडंच सांगतो. घाटांवरून टिप्पर भरून ती नागपूरच्या इमारतींना जाते. घरं बांधायची तर रेती लागणार, हे कोण नाकारेल? पण नदी ज्या वेगाने ती आणून टाकते तो वेग डोंगराचा आहे. आणि पात्रातली रेती गेली की काठच्या विहिरींचं पाणी उतरतं, हे नदीकाठच्या कुणालाही विचारावं.

आता खाणी. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी रेल्वेची फाटा-लाइन या मॅंगनीजच्या मुलखातूनच गेलेली आहे. मध्य प्रांतात मॅंगनीज काढायला १८९६ साली एक इंग्रज कंपनी स्थापन झाली; १९६२ साली तिच्यातून मॅंगनीज ओर इंडिया, म्हणजे आजची मॉइल, उभी राहिली. चिखल्याची खाण जमिनीखाली आहे, डोंगरी बुजुर्गची उघडी. डोंगरी बुजुर्गचं मॅंगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीच्या कारखान्यांना जातं. मॅंगनीजशिवाय पोलाद होत नाही. म्हणजे हातातल्या विजेरीत, रुळांत, पुलांत हा डोंगर आहेच, आणि या गावांतल्या कितीतरी घरांत चूल या खाणींच्या पगारावर पेटते. खाण नको असं मी म्हणत नाही.

पण उघड्या खाणीचा काठ एकदा जवळून बघावा. वरच्या टोकाला ती वीतभर माती, झाडांची मुळं लोंबत असलेली. खाली मुरूम. त्याखाली गुलाबी-करडे शिस्टचे पदर, आणि मग काळाकुट्ट मॅंगनीजचा थर, उन्हात निळसर झाक मारणारा. जमिनीखालचा सगळा इतिहास एका कापात दिसतो आणि बघणाऱ्याचं भान हरपतं. मग मागे वळून बघावं. तिथे टाकाऊ दगडमातीचे ढीग आहेत. वीतभर माती आणि शेकडो फूट खडक यांची सरमिसळ झालेली. ढिगात दगड आहे, सोसायला ऊन आहे, पावसाळ्यात पाणी आहे. तरी वर्षानुवर्षं त्याच्यावर फारसं काही उगवत नाही, कारण त्यात माती म्हणावी असं काही उरलेलं नसतं. नत्र नाही, सेंद्रिय काही नाही, मुळांशी राहणारे जीव नाहीत.

हे जीव परत आणण्याचं काम नागपूरच्या नीरी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मॅंगनीज खाणीवर केलं. डॉ. आशा जुवारकर यांचं त्यात मोठं काम आहे. साखर कारखान्याची मळी म्हणजे प्रेसमड ढिगात मिसळली, नत्र बांधणारे रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू घातले, झाडांच्या मुळांत राहून त्यांना स्फुरद आणि पाणी मिळवून देणारी बुरशी दिली, आणि मग झाडं लावली. उजाड ढिगावर रान उभं राहिलं. एका परीने त्यांनी सालई-धावड्याच्या उतारावर वाळवी, पाला आणि पाऊस जे शेकडो वर्षं करतात, ते हातांनी काही वर्षांत केलं. ते वाचताना मला जितका आनंद झाला तितकंच हेही कळलं, की वीतभर मातीत किती काही असतं, याची अशी यादी आपण ती घालवल्यानंतरच करतो.

खाण खोदताना वरची माती वेगळी काढून ठेवावी आणि नंतर तीच ढिगांवर, भरलेल्या खड्ड्यांवर पसरावी, असा खनिज संवर्धनाच्या नियमांत दंडक आहे. चांगला दंडक आहे. त्यात एकच गोष्ट घाईची आहे. वेगळी काढलेली माती उंच ढीग करून ठेवली तर आतली हवा संपते, बुरशी मरते, बियांची उगवण जाते. काही वर्षांनी ती नुसती तांबडी भुकटी होते. म्हणून ती कमी उंचीच्या ओळींत ठेवावी, वर हिरवळीचं एखादं पीक पेरावं आणि एक-दोन पावसाळ्यांच्या आत पसरावी. हे खाणीवर काम करणाऱ्यांना शिकवावं लागत नाही. त्यांच्यातले पुष्कळ जण याच गावांतले आहेत. पाळी संपली की ते बांधीवर जातात, आणि कन्हार किती दिवस उघडी ठेवायची, सिहारीत गाळ कधी टाकायचा, हे त्यांच्या घरात चालत आलेलं आहे.